पावणेदोन तासांचं झारसुगुडा

धाऊ माझा शेजारी. मी मुरबाड डेपोत कंडक्टर, स्टँडवर सगळ्यांचा 'मास्तर', आणि तो कल्याण लाइनचा जीपवाला, म्हणजे आमचं वैर पोटापाण्यातच ठरून गेलेलं. मी बस फलाटाला लावेपर्यंत हा फाटकाबाहेर उभा राहून माझे प्रवासी पळवायचा. संध्याकाळी मात्र माझ्या ओट्यावर दोघांचा चहा एकाच किटलीतला. आता मी निवृत्त झालोय, त्याची जीप त्याचा मुलगा आदेश चालवतो, पण चहा चालू आहे.

धाऊ कशावर म्हणजे कशावर विश्वास ठेवत नाही. धसईच्या बाजारात वांगी घ्यायच्या आधी तो तराजूची पारडी उलटी करून बघतो. पंक्चरवाल्याच्या दुकानासमोर जीप उभी करायची वेळ आली, तर आधी उतरून पायाने रस्ता झाडतो, खिळे टाकलेत की काय म्हणून. एकदा एका म्हातारीचं पोतं मागे टाकताना त्याला ते हलल्यासारखं वाटलं.

"यात काय हाय गो आजी?"

"तांदूळ."

"तांदूळ श्वास घेतो काय?"

पोत्यातून दोन कोंबड्या निघाल्या. त्या दिवसापासून स्टँडवर धाऊचा रुबाब वाढला. पुढे एका पावसाळ्यात सगळ्या गाड्या रायत्याच्या पुलावरून जात असताना यानेच जीप अलीकडे थांबवली. पाणी दिसतंय त्यापेक्षा जास्त आहे, म्हणाला. प्रवाशांनी त्याला यथेच्छ शिव्या घातल्या आणि थोड्याच वेळात पूल पाण्याखाली गेला. संशयाला असं अधूनमधून फळ येतं, हीच तर पंचाईत आहे. नाहीतर माणूस कधीतरी सुधारला असता.

पण हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं. त्याच्या संशयाचं खरं मूळ धर्मा. धर्मा म्हणजे त्याचा सख्खा धाकटा भाऊ. पहिली जीप दोघांनी मिळून घेतली, कागद धर्माच्या नावावर, कारण धाऊचा अंगठा आणि धर्माची सही. एक खेप धाऊची, एक धर्माची. आमच्या लाइनला जीपवाल्यांचा नियम सरळ: भरल्याशिवाय सुटायचं नाही आणि सुटल्यावर रेंगाळायचं नाही. मुरबाडहून निघालेली गाडी गोवेलीला लखमाच्या टपरीवरून कधी गेली, हे लखमा फोन करून सांगायचा, म्हणजे मागच्याला अंदाज यायचा. धर्माच्या खेपेला रोज अर्धा तास जास्त लागायला लागला. धाऊने विचारलं, तर कधी टायर, कधी ट्रॅफिक. धाऊने तेव्हा विश्वास ठेवला. आयुष्यात बहुधा एकदाच ठेवला असेल. त्या रोजच्या अर्ध्या तासात धर्मा बदलापूरच्या स्टँडवर जाऊन आपली जागा पक्की करत होता. एका सोमवारी तो जीप घेऊन गेला तो परत आलाच नाही. आजही बदलापुरात आहे म्हणतात. आई वारली तेव्हासुद्धा आला नाही.

तेव्हापासून धाऊच्या डोक्यात एक गोष्ट घट्ट बसली. माणूस निघाला कधी आणि पोचला कधी, यात जो वेळ जुळत नाही, त्या वेळात माणूस हातचा जातो.

आता समीक्षा. धाऊची थोरली मुलगी. बारावीनंतर कल्याणला विमानतळाच्या नोकरीचा कोर्स केला. धाऊने त्या क्लासवाल्याचा बोर्ड खरा आहे का, हे बघायला चार चकरा मारल्या होत्या. नोकरी लागली ती ओडिशात, झारसुगुडा नावाच्या गावच्या विमानतळावर, काउंटरवर. हे नाव धाऊने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा, असं गाव असूच शकत नाही, असं त्याचं म्हणणं पडलं. आदेशने फोनवर नकाशा दाखवला तेव्हा गप्प बसला. पण कौतुकही होतंच. स्टँडवर कोणी विचारलं की "पोरगी विमानात हाय" असं सांगायचा, जणू ती विमान चालवते.

पहिल्या दिवाळीला ती घरी आली तेव्हा सगळं बिघडलं. पहाटे तिचा फोन आला, "निघाले." मुंबईपेक्षा नाशिकचं तिकीट स्वस्त, म्हणून ती नाशिकला उतरणार होती. धाऊने आदेशला फोन आणायला लावला आणि फोनलाच तोंडी विचारलं, झारसुगुडा ते नाशिक विमानाला किती वेळ? फोन म्हणाला, हजार सत्तर किलोमीटर, पावणेदोन तास. धाऊने मनात गणित मांडलं. पावणेदोन तास विमान. ओझरच्या विमानतळावर उतरून कसारा घाट, शहापूर, सरळगाव करत घरी यायला धरा चार तास. पोरगी दुपारी जेवायला घरी पाहिजे. सुंदराने, म्हणजे त्याच्या बायकोने, वड्यांचं वाटणसुद्धा करून ठेवलं.

समीक्षा दिवेलागण होऊन गेल्यावर पोचली. दमलेली, पाय सुजलेले. तिने हातपाय धुतले नाहीत तोच धाऊ म्हणाला, "मधल्या वेळात कुठं होतीस?"

"हैदराबादला थांबावं लागतं, बाबा. तिथं विमान बदलतात."

धाऊने परत नकाशा काढायला लावला. हैदराबाद कुठे, तर खाली दक्षिणेला. झारसुगुडा उजवीकडे, नाशिक डावीकडे, दोन्ही जवळजवळ एका रेषेत. त्याने बोट ठेवून दाखवलं. "शहापूरहून मुरबाडला यायला कोण पनवेलला जातं गो?"

तिने समजावलं, तिकीट दाखवलं, हैदराबादच्या विमानतळावर काढलेला फोटो दाखवला. हा म्हणाला, "फोटो काय, कवाचा पण दाखवता येतो." मग त्याने जे विचारलं ते मी ओट्यावरून ऐकलं, आणि मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. "कोण हाय तिथं? नाव सांग, मी काय बोलनार नाय."

समीक्षा ताटावरून उठली. भाऊबीज झाल्याबरोबर ती परत गेली. शिमग्याला आली नाही, ड्युटी आहे म्हणाली. गणपतीला आली नाही. आईला फोन करायची, बाप जवळ आहे असं कळलं की ठेवून द्यायची.

मी त्याला सांगून बघितलं. "अरे, मुरबाडहून संगमनेरला जायला थेट गाडी नसली, तर आळेफाट्याला उतरून दुसरीची वाट बघावी लागते की नाही? तसंच असेल."

"तुमी एसटीवाले," तो म्हणाला. "उशिराची बाजू तुमी घेनारच."

पस्तीस वर्षांच्या नोकरीचा त्याने एका वाक्यात निकाल लावला.

नवरात्रात त्याने ठरवलं. खर्डीकडचं एक स्थळ सांगून आलं होतं, मुलगा रेल्वेत. बघायला येतो म्हणाले, सोमवारी. धाऊने होकार कळवून टाकला आणि मला म्हणाला, "मास्तर, मी जाऊन तिला घेऊन येतो. तिला आधी सांगायचं नाय. न सांगता गेलं की कोण हाय ते दिसतंच. तुमी चला, बोर्ड वाचायला माणूस पायजे."

"आणि तिची नोकरी?"

"नोकरी दुसरी भेटंल. पोरगी नाय भेटनार."

मला धर्मा आठवला. म्हणून मी गेलो. नाहीतर असल्या मोहिमेवर मी कशाला जातोय? समीक्षा माझ्या अंगणात खेळून मोठी झालेली पोर आहे. हा तिला तिथून ओढून आणणार असेल, तर निदान तिच्या बाजूचं एक माणूस तरी तिथे हवं.

आदेशने तिकिटं काढली. धाऊने कपाटावरची मोठी निळी बॅग बरोबर घेतली, रिकामी. समीक्षाचं सामान भरून आणायला. ती बॅग बघून सुंदराने तोंड फिरवलं. बाई बोलली काहीच नाही, आणि तिथेच मला शंका यायला हवी होती.

पहाटे आदेशने जीप काढली. शहापूर मागे टाकून हायवेला लागलो. खर्डी आली तसं धाऊने बाहेर बोट दाखवलं, "इथलंच स्थळ. लेक हाकेच्या अंतरावर राहील." आदेशने गिअर बदलला आणि गाणी लावली.

ओझरच्या विमानतळावर पहिला खटका उडाला तो ट्रेवरून. पट्टा, मोबाईल, पाकीट, सगळं एका ट्रेमध्ये टाकून यंत्रात सोडायचं आणि आपण दुसऱ्या वाटेने जायचं, हे त्याला पटेना. "पलीकडं कोण उचलतंय कोनाला ठाऊक?" शेवटी मी आधी पलीकडे जाऊन उभा राहिलो तेव्हा त्याने ट्रे सोडला. पट्ट्याविना पँट एका हाताने धरून हा यंत्राकडे टक लावून उभा. मागची रांग तिष्ठत होती.

ट्रे आला, बॅग आली नाही. वर्दीतल्या एका बाईंनी ती बाजूला घेतली होती. "ये बैग किसकी है?"

"आमची."

"आपने खुद पैक की है?"

आता जगातल्या कुठल्याही विमानतळावर या प्रश्नाचं एकच उत्तर द्यायचं असतं. धाऊने खरं उत्तर दिलं. "नाय मॅडम. बॅग खाली है. रिकामी. हम कुछ नहीं भरा."

बाईंनी बॅग उचलून बघितली. जड होती; जीपमधून यंत्रापर्यंत ती मीच वाहिली होती, मोठी म्हणून जड असेल असं समजून. धाऊने माझ्याकडे बघितलं आणि मोठ्याने, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडला, "मास्तर, ही आपली बॅग नाय! कोनीतरी बदलली! नायतर आत काहीतरी भरलंय!"

पुढची पाच मिनिटं मी विसरू शकत नाही. चार वर्दीवाले आले. एकाने धाऊचा दंड धरला. मला दोन पावलं मागे सरायला सांगितलं. आयुष्यभर जगावर संशय घेणारा माणूस पहिल्यांदाच दुसऱ्या बाजूला उभा होता, पट्ट्याविना.

"खाली बैग लेकर क्यों जा रहे थे?" साहेबाने विचारलं.

धाऊ गप्प.

"किसका सामान लाना था?"

परत गप्प. काय सांगणार? लेकीला न सांगता तिचा संसार उचलून आणायला निघालोय, असं? मी इतक्या वर्षांत त्याला असा कधी बघितला नव्हता. प्रश्न विचारायची सवय असलेल्या माणसाला उत्तर द्यायची सवय राहत नाही.

मीच हात जोडून सुंदराला फोन लावला आणि साहेबांच्या हातात दिला. सुंदराने शांतपणे मराठीत सांगितलं, साहेबही मराठीच निघाले. घरचा तांदूळ, नाचणीचे पापड आणि डब्यात चटणी. पोरीसाठी मी भरलंय, यांना ठाऊक नाही. उघडून बघा. उघडलं तर तेच. एका जुन्या साडीत बांधलेलं, तळाशी. साहेब हसले, धाऊच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "काका, घरात काय चाललंय ते तरी विचारत जा."

सुंदराने तो फोन ठेवला आणि लगेच दुसरा झारसुगुड्याला लावला, हे मला नंतर कळलं.

विमानात बसलो. धाऊला खिडकी मिळाली. दार लावलं, विमान हळूहळू चालायला लागलं आणि त्याने माझा हात घट्ट धरला. मला वाटलं घाबरला. तो कानाशी येऊन कुजबुजला, "मास्तर, मागं बारा-पंधरा शिटा रिकाम्या हायत. तरी सोडली. भरल्याशिवाय कोन सोडतं? काहीतरी भानगड हाय." हैदराबाद येईपर्यंत तो मागे वळून रिकाम्या खुर्च्या बघत होता.

हैदराबादला उतरलो. पुढचं विमान संध्याकाळी. तो विमानतळ म्हणजे आपली अख्खी मुरबाडची बाजारपेठ त्यात तीनदा मावेल. धाऊ एका काउंटरवर गेला. तिथे समीक्षाच्याच वयाची एक मुलगी बसलेली, तसाच गणवेश, तसेच मागे बांधलेले केस. त्याने तिच्यासमोर आपला फोन धरला. आदेशने निघताना तेच पान उघडून दिलेलं. हजार सत्तर किलोमीटर, पावणेदोन तास.

"ये सीधा वाला विमान कौनसा है? हमको इधर क्यों लाया?"

मुलीने फोन बघितला आणि हसली. "चाचा, ये तो नक्शे पर सीधी लकीर खींचकर हिसाब लगाया है. कोई भी दो जगह डालो, बता देगा. नाशिक से झारसुगुडा सीधी फ्लाइट है ही नहीं."

"एक भी नाय?"

"एक भी नहीं."

त्याने तिच्यावर विश्वास ठेवला असं समजू नका. तो पुढच्या काउंटरवर गेला. मग एका सफाईवाल्याला विचारलं. मग पांढऱ्या शर्टातल्या एका पायलटला अडवलं आणि त्यालाही विचारलं. सगळ्यांनी एकच सांगितलं. मग तो येऊन माझ्या शेजारी बसला आणि फोनकडे बघत राहिला.

"मंजे हे विमान नायच," तो म्हणाला.

"नाही."

"जे नायच, त्याचा टाइम सांगतोय हा."

"हो."

माणसं येत होती, जात होती. आमच्या समोरच्या खुर्चीवर एक मुलगी बॅग पोटाशी धरून झोपली होती. पाय सुजलेले, बूट काढून ठेवलेले. धाऊ तिच्याकडे बघत होता. मग म्हणाला, "मला तिनं नीट सांगितलं असतं तर—"

"सांगितलं होतं रे," मी म्हणालो. मला राग आला होता आणि मी तो लपवला नाही. "तिकीट दाखवलं, फोटो दाखवला. तू त्या यंत्राचं ऐकलंस, पोटच्या पोरीचं नाही."

एरवी तो माझ्या अंगावर आला असता. त्या दिवशी तो नुसता उठला, त्या झोपलेल्या मुलीच्या पायापाशी पडलेली तिची पाण्याची बाटली उचलून खुर्चीवर ठेवली आणि परत येऊन बसला.

झारसुगुडा लहानसा विमानतळ. उतरलो तेव्हा अंधारून आलं होतं. आता ही कुठे राहते ते शोधायचं, रिक्षा बघायची, असं माझ्या मनात चाललेलं, तोवर दारातून बाहेर पडतो तर समोर समीक्षा. गणवेशातच. ड्युटी संपवून तिथेच थांबलेली.

धाऊ जागच्या जागी उभा राहिला. न सांगता येऊन पकडायचं होतं त्याला.

ती जवळ आली, माझ्या पाया पडली. बापाच्या पडली नाही. त्याच्याकडे सरळ बघत म्हणाली, "आई बोलली, सकाळी निघाले. फोन तर पावणेदोन तास सांगतो, बाबा. मधल्या वेळात कुठं होता?"

तेच शब्द. तोच सूर. मला वाटलं ती चेष्टा करतेय, पण ती हसत नव्हती. वर्षभर हा प्रश्न तिने गिळून ठेवलेला होता.

धाऊ म्हणाला, "हैदराबादला थांबावं लागतं गो."

"शहापूरहून मुरबाडला यायला कोण पनवेलला जातं?"

बाजूने माणसं सामान ओढत जात होती.

"कोन नाय जात," तो म्हणाला. "पन सरळ रस्ताच नसला, तर जावं लागतं. मला ठाऊक नव्हतं गो. तू सांगत हुतीस, मी ऐकलं नाय."

समीक्षाने डोळे पुसले. बाहीनेच, लहानपणी पुसायची तसे. मग वाकली आणि त्याच्या पाया पडली. उठताना तिची नजर त्या निळ्या बॅगेवर गेली. मोठी बॅग, घरातली सगळ्यात मोठी, आणि अर्ध्याहून जास्त चपटी.

"एवढी मोठी बॅग कशाला आणली, बाबा?"

खर्डीचं स्थळ, सोमवार, सगळं त्या रिकाम्या बॅगेत होतं. धाऊने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. हे त्याचं त्यालाच निस्तरायचं होतं.

"तुला तांदूळ आनलाय," तो म्हणाला. "आनि पापड. आईनं दिलंय. म्या बोललो, पोरीला भेटून येऊ, दोन दिवस राहू."

धाऊला मी जन्मापासून ओळखतो. तो भांडखोर आहे, हट्टी आहे, पण खोटं बोलत नाही. विमानतळावर दंड धरला तेव्हासुद्धा खोटं बोलला नव्हता. हे त्याचं पहिलं, आणि तेही इतकं कच्चं की लखमाच्या टपरीवरचं पोरगंसुद्धा पकडेल. समीक्षा तर काउंटरवर दिवसभर लोकांच्या बॅगा तोलते.

"बरं झालं," ती म्हणाली. "इथला तांदूळ माझ्या तोंडाला लागतच नाही." आणि बॅग उचलून रिक्षाकडे चालू लागली.

धाऊ तिच्या पाठमोऱ्या चालण्याकडे बघत राहिला. मी विचारलं, "सोमवारचं काय?"

"आदेशला फोन लावा. सांगा नाय म्हनून." मग माझी बाही धरून, एखाद्या भल्यामोठ्या चोरीची कबुली द्यावी तसा हळूच म्हणाला, "मास्तर, मी खोटं बोललो, तरी हिनं पुढं मला काय विचारलंच नाय रे."